जावईबापूंचे थंड प्लग

पन्नाशी उलटल्यावर दंतवैद्यांनी मोटार घेतली, ती पिवळीधमक, दोनच दारांची, टर्बो इंजिनाची आणि सेकंडहँड. आधीच्या मालकाने इंजिनाची ताकद मुद्दाम वाढवून घेतली होती. डॉक्टरांचं घर आणि दवाखाना यांच्यामध्ये एक सिग्नल, एक बाजार आणि एक शाळा एवढंच होतं. पण ताकद असलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. बायकोने विरोध केला नाही. या वयात लोक काय काय करून बसतात, त्या मानाने मोटार परवडली, असं तिने आपल्या मैत्रिणीला सांगितलं.

गाडीत एकच खोट होती. जोरात दाबली की तिला उचकी लागल्यासारखी ती अडखळायची. गॅरेजवाल्याने चारही स्पार्क प्लग काढून दाखवले. टोकं झिजली होती. नवे घालू, पण कोणते ते तुम्ही आणा, असं तो म्हणाला; इंजिन वाढवलेलं आहे, तेव्हा मूळच्यापेक्षा जरा थंड घेतलेले बरे. थंड म्हणजे काय, हे डॉक्टरांनी विचारलं नाही, कारण तोवर त्यांची मान डोलावून झाली होती.

घरी येऊन त्यांनी वाचायला घेतलं. टोकाची उष्णता झटपट इंजिनाच्या अंगात सोडून देतो तो थंड प्लग, ती धरून बसतो तो गरम. इथवर ठीक होतं. पुढे असं निघालं की एका कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड होतो आणि दुसरीत आकडा वाढला की गरम. शिवाय टोकाचा धातू: तांबं, प्लॅटिनम की इरिडियम? शिवाय ठिणगी पडते ती फट. ती केवढी ठेवावी यावरून इंटरनेटवर अनोळखी माणसं एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. दातांतल्या फटींवर आयुष्यभर पोट भरलेल्या डॉक्टरांना ते वाचून भरून आलं.

त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दवाखान्यात ते पेशंटलाच विचारू लागले, इरिडियम घेऊ की प्लॅटिनम? पेशंटच्या तोंडात डॉक्टरांचे दोन्ही हात. तो नुसता ‘आ’ करायचा, आणि डॉक्टर म्हणायचे, मलाही तेच वाटतं. एका बाईंना हा प्रश्न आपल्या दाढेबद्दल आहे असं वाटलं. त्यांनी नवऱ्याशी बोलून सांगायला आठवड्याची मुदत मागून घेतली.

अखेर मेव्हण्याचा सल्ला घेतला. बायकोचा हा धाकटा भाऊ विम्याच्या कंपनीत होता आणि विमा सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींची त्याला माहिती होती. त्याच्या मते घ्यायचे तर सगळ्यात थंड. शर्यतीच्या गाड्यांना तेच असतात. “भाऊजी, वाघ पाळायचा आणि त्याला दूधपोळी घालायची, हे बरं दिसत नाही,” असं तो म्हणाला, आणि डॉक्टरांच्या काळजाला ते भिडलं. आपण वाघ पाळला आहे हे आजवर कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

सगळ्यात थंड प्लग आले, आणि ते बघायला मेव्हणाही. डॉक्टरांनी ते जेवणाच्या टेबलावर मांडून बायकोला कौतुकाने सांगितलं, की हे साधे नाहीत, थंड आहेत. मुलीकडेच राहणाऱ्या सासूबाई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी टेबलावर प्लग नव्हते. डॉक्टरांनी कपाटं उपसली, पलंगाखाली वाकून पाहिलं, आणि मेव्हण्याला फोन करून आडून आडून विचारलं की काल जाताना चुकून काही खिशात तर गेलं नाही ना. मेव्हण्याने फुगून फोन ठेवला. मग चहाला दूध घ्यायला बायकोने फ्रिज उघडला. लोण्याशेजारी प्लगचे चार डबे ओळीने उभे होते.

“तुम्हीच म्हणालात ना थंड आहेत म्हणून?” सासूबाई म्हणाल्या. “बाहेर राहून नासले असते तर बोल मलाच लागला असता.”

डॉक्टरांनी सासूबाईंचे आभार मानले. गॅरेजवाल्याने डब्यांवरचं पाणी पुसलं, चेहरा मुद्दाम कोरा ठेवला आणि प्लग बसवले.

हमरस्त्यावर गाडी अशी काही सुटली की डॉक्टर एकटेच मोठ्याने हसले. मग नेहमीचा आठवडा सुरू झाला. घर, सिग्नल, बाजार, शाळा, दवाखाना. रोज गाडी थोडी जास्त खोकायची. वाघ थोडा खोकणारच, असं डॉक्टर स्वतःला समजावायचे.

सासूबाईंना बहिणीकडे सोडायला निघाले, त्या दिवशी भर बाजारात, केळीवाल्याच्या समोर, गाडीने एक मोठा आचका दिला आणि ती बंद पडली. पुन्हा चालू होईना. मागून हॉर्नचा गजर उठला. आसन इतकं खोल होतं की सासूबाईंना उतरवण्यासाठी केळीवाला आणि डॉक्टर यांना एकेक हात धरून ओढावं लागलं. गर्दीतल्या एकाने हात वर केला. डॉक्टरांना वाटलं धक्का मारायला आला. तर तो आपली दाढ अर्धीच भरल्याची आठवण करून देत होता.

गाडी ढकलत बाजूला आणली. फोन मिळताच बायको बँकेतल्या नोकरीवरून तशीच आली. इंजिन निवेपर्यंत सगळे केळी खात बसले. मग डॉक्टरांनी डिकीतला पाना काढून एक प्लग उघडला. तो काजळीने काळा मिचकूट झाला होता. डॉक्टरांनी तो उजेडात तिरका धरला, नखाने खरवडला, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, “हा कधी घासलाच गेलेला नाही.”

मग त्यांचं त्यांनाच उमगलं. प्लगचं टोक चांगलं तापलं तरच त्याच्यावरची काजळी जळून जाते. हा पठ्ठ्या इतका थंड, की बाजारातल्या चालीला तो तापायचाच नाही.

बायकोने विचारलं, “तुम्ही किती वेगाने चालवता ही गाडी?”

डॉक्टर जरा घुटमळले. तीसने, म्हणाले.

“मग तीसने चालवणाऱ्याचे प्लग आणा. शर्यतीतल्या माणसाचे कशाला आणलेत?”

डॉक्टरांना ते लागलं, पण पटलंही. या वेळी त्यांनी कोणालाही विचारलं नाही. वाढवलेल्या इंजिनासाठी मूळच्यापेक्षा फक्त एकच पायरी थंड प्लग आणले, इरिडियमचे, आणि फट किंचित कमी ठेवली. डबे थेट दुकानातून गॅरेजात गेले. रुसवा विसरून आलेला मेव्हणा म्हणाला, एकच पायरी, हेच तर मी सांगत होतो. कोणी त्याच्याशी वाद घातला नाही.

रविवारी सासूबाईंची राहिलेली फेरी झाली. बाजारातून गाडी न खोकता गेली. पुढे मोकळा रस्ता लागला, तेव्हा डॉक्टरांनी बिचकत पाय दाबला. टर्बोने श्वास घेतला, सासूबाईंची पाठ आसनाला चिकटली आणि तोंड उघडं राहिलं.

“जावईबापू,” त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, “बहीण काही पळून जात नाही. पुढच्या वळणापर्यंत जाऊन येऊ.”

डॉक्टरांनी चोरून बघितलं. त्यांनी स्वतः बसवलेली सासूबाईंची कवळी जागची तसूभरही हलली नव्हती. हे बायकोला कधी सांगतो असं त्यांना झालं, आणि त्यांनी पाय आणखी थोडा दाबला.