बोरॉन ट्रायफ्लोराईडचे पाच मार्क

लातूरच्या त्या क्लासमध्ये पोरांना नावं नव्हती, गावं होती. उमाशंकर सर फळ्याकडे तोंड ठेवूनच "ए मुदखेड" म्हणायचे, की मुदखेडचं कोणीतरी बिचारं उभं राहायचं. उज्वला म्हणजे किनवट. दर रविवारी सातशे वीस मार्कांची परीक्षा, सोमवारी सकाळी यादी. पहिले साठ सरांच्या तुकडीत, क्लासच्याच वसतिगृहात. साठाच्या खाली गेलेल्यानं दुपारी बाराच्या आत खोली रिकामी करायची आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्या तुकडीत बसायचं. या सोमवारी उज्वला एकसष्टावी आली. तीन मार्कांनी.

आणि तिचं एक बरोबर उत्तर चूक धरलेलं होतं. सत्तेचाळिसावा प्रश्न होता, चारांपैकी ध्रुवीय रेणू कोणता? तिनं नायट्रोजन ट्रायफ्लोराईड लिहिलं होतं. सरांचं छापील उत्तर, बोरॉन ट्रायफ्लोराईड. चार गेले आणि वर एक कापला, म्हणजे पाच.

सरांची एक ट्रिक होती. भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलेली: 'फरक मोठा, तो ध्रुवीय'. विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची अणूची ताकद. दोन अणूंच्या आकड्यांची वजाबाकी करा, उत्तर मोठं आलं की खूण करा, पुढं चला. या ट्रिकवर सरांचं नाव निलंग्यापासून नांदेडपर्यंत झालं होतं. बोरॉन आणि फ्लोरिनमधला फरक चारांत सगळ्यात मोठा, म्हणून निम्म्याहून जास्त वर्गानं डोळे झाकून तेच लिहिलं होतं.

उज्वला तास चालू असतानाच उभी राहिली.

"सर, सत्तेचाळीसचं उत्तर चुकलंय."

वर्गानं वळून बघितलं. यादी बदलली तर कोण खाली जाणार, याचा हिशेब पोरांनी सरांच्या आधी मांडला.

"बस खाली, किनवट," सर म्हणाले. "फरक किती येतो?"

"जवळजवळ दोन. बंध ध्रुवीयच हाय सर. पण रेणू न्हाई."

"बंध ध्रुवीय अन् रेणू नाही? हे कुठल्या पुस्तकात?"

तिला पुस्तकाचं पान सांगता आलं असतं. पण जीभ वळली घराकडे.

"माझा बाप डेपोत सागाचे ओंडके ओढतो सर. एका ओंडक्याला तीन दोर बांधले अन् तीन बाजूंनी सारख्या जोरानं ओढलं, तर ओंडका हालत न्हाई. किती बी जोर लावा. बोरॉनचं तसंच हाय, तिन्ही फ्लोरिन एका पातळीत, सारख्या अंतरावर. नायट्रोजनच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी बसलीय, तिनं तिघांना एका अंगाला ढकललंय. तिथं ओढ कमी हाय, पण कटत न्हाई."

वर्ग हसला. मागून कोणीतरी "ओंडका" म्हणालं, आणि पुन्हा हसला. सर हसले नाहीत. ते फळ्याजवळ गेले, एक त्रिकोण काढला, त्याकडे बघत राहिले आणि पुसून टाकला. ते पुसताना उज्वलानं बघितलं. त्यांना कळलं होतं.

"परीक्षेत ओंडके येत नाहीत," ते म्हणाले. "यादी लागली. पुढचा प्रश्न."

तास सुटल्यावर मंजुषानं तिला दारात गाठलं. एका खोलीत राहणाऱ्या, एका डब्यातलं खाणाऱ्या त्या दोघी. मंजुषा अठ्ठावन्नावी होती.

"तुझ्या एकटीपायी बोरॉन लिहिलेल्या आम्ही तीसजणांनी पाच-पाच मार्क घालवून खाली जायचं का गं?"

"तुला पण कळलंय ना, बरोबर काय हाय ते?"

"हाव, कळलंय," मंजुषा म्हणाली. "म्हणूनच सांगून राहिले, गप बस."

उज्वलाला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. ती खोलीवर गेली, गादी गुंडाळली, पेटी भरली आणि बाराला पाच कमी असताना खोलीची किल्ली द्यायला परत आली. सर तिसऱ्या तासाला त्याच वर्गात होते.

"सत्तेचाळीस," ते सांगत होते. "लाल पेन घ्या. बोरॉन ट्रायफ्लोराईड. बंध ध्रुवीय, रेणू अध्रुवीय. खऱ्या परीक्षेत इथंच पोरं मरतात. उत्तर, नायट्रोजन ट्रायफ्लोराईड."

तिला आधी बरं वाटलं. वेडी पोरगी. ती दारातच उभी राहिली.

"मग माझे पाच मार्क, सर?"

सरांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

"तुझं बरोबर होतं," ते शांतपणे म्हणाले. "मी नाही कुठं म्हणतोय? पण एकदा यादी फिरवली की दर सोमवारी पन्नास जण दारात उभे राहतील. किल्ली टेबलावर ठेव."

चूक म्हटलं असतं तर ती भांडली असती. बरोबर म्हटल्यावर काय भांडणार? तिच्या बाकावर दुसऱ्या तुकडीतून वर आलेला उदगीरचा अमरेश येऊन बसला होता. रविवारी त्यानंही बोरॉनच लिहिलं होतं. त्यानं शेजारणीकडे, म्हणजे मंजुषाकडे, लाल पेन मागितलं. तिनं दिलं. साठच्या साठ माना वहीत होत्या, आणि उज्वलाचं उत्तर सगळ्यांनी नीट उतरवून घेतलं.