पलटणीमागचा धुरळा

संघमित्राने तसबीर खिळ्यावरून उतरवली आणि दिवाणावर आडवी ठेवली. उद्या त्या खिळ्यावर बाबांचा फोटो लागणार होता.

"ताई, उद्या बाबांच्या पुण्यानुमोदनाला तूच बोल," प्रबुद्ध खुर्च्या सरकवत म्हणाला. "बाबा ह्या चित्रात पलटणीत चारा वाहणारा आपला खापरपणजोबा दाखवायचे ना, तेच सांग. भांडुपची सगळी येणारेत."

"तुला दाखवला होता त्यांनी?"

"मी कुठे लक्ष दिलं यार. मला तो हत्तीवरचा वाटायचा."

"हत्तीवर आपल्याला कोण बसवतंय," आई आतून म्हणाली.

छापील चित्रात कंपनी सरकारची पलटण घाट उतरत होती. पुढे घोड्यावरचा साहेब, मग हत्ती, उंट, तोफा ओढणारे बैल. शेवटी नुसता धुरळा. संघमित्राने एकेक चेहरा पाहिला. माहूत, नगारा वाजवणारा, बैल हाकणारा पागोटेवाला. यांतला कोणता?

उन्हाळ्यात बाबा दाखवणारच होते. त्यांचं बोट काचेपर्यंत पोचायच्या आत ती म्हणाली होती, "बाबा, असली चित्रं विलायतेत बसून रंगवायचे. आपल्या माणसांना त्या चित्रकाराने पाहिलंसुद्धा नसेल."

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले होते आणि चष्मा पुसत बसले होते. तिला वाटलं होतं, त्यांना पटलं.

आता उद्या कुणावर तरी बोट ठेवावं लागणार होतं. चुकीच्या माणसावर ठेवलं तरी कुणाला कळणार नव्हतं. तिने फडकं ओलं करून आणलं आणि तसबीर खिडकीकडे तिरकी धरली.

काचेवर एकाच जागी बोटांचे तेलकट ठसे होते, एकावर एक. त्यांच्याखाली माणूस नव्हता. शेवटच्या बैलाच्याही मागे, जिथे चित्रकाराने धुरळा उडवून चित्र संपवलं होतं, तिथे ते ठसे होते.

आई हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

"रोज पुसायचे मी तो डाग. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. ते आजारी पडले, मग सोडून दिलं."

"सापडला का गं?" प्रबुद्धने विचारलं.

संघमित्राने साहेबाचा घोडा पुसला. हत्ती पुसले, उंट पुसले, बैल पुसले. धुरळ्यापाशी आल्यावर तिने फडकं बाजूला ठेवलं.