सोमारीच्या लुगड्याचं फडकं

वारलूला बैल कळायचे. गोऱ्ह्याची मान दाबून धरायची, वेसण घालायची, दोन शिव्या हासडायच्या, की आठवड्याभरात तो नांगराच्या सरळ तासाने चालायला लागे. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं. एवढ्याच विद्येवर तो कुत्र्याचं पिल्लू माणसाळवायला निघाला, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

पिल्लू त्याच्या बायकोचं, सोमारीचं. मूल गावच्या बाजारातून येताना राइस मिलमागच्या कोंड्याच्या ढिगात तिला ते सापडलं होतं. कुणीतरी काठीने झोडपलेलं, मागचा पाय सुजलेला. माणसाचा हात वर झाला की जागच्या जागी मुतायचं. सोमारीने त्याचं नाव बारक्या ठेवलं आणि पंधरा दिवसांत ते तिच्या मांडीवर घोरायला लागलं. दुसऱ्या कुणाचा हात मात्र त्याला खपत नसे.

"डोक्यावरून हात नेऊ नोका जी, त्याले मार वाट्टे," ती नवऱ्याला सांगायची. "हनुवटीखालून न्या."

"कुत्र्याची आता आरती ओवाळू का?" वारलू म्हणायचा. राग त्याच्या नाकावर, आणि सोमारीला त्या नाकाची सवय होती.

श्रावणात शेतातल्या बांधीत धान निंदताना सोमारीला साप डसला. दवाखाना येईपर्यंत ती राहिली नाही. एकुलती लेक रीता धानोऱ्याकडे सासरी, तिला नववा महिना, आणि नद्यांना पूर आल्याने रस्ते बंद. आईचं तोंडसुद्धा तिला बघायला मिळालं नाही.

दहाव्या दिवशी भावकीतल्या बायांनी सोमारीचे सगळे कपडे गोळा करून नाल्यावर नेले. गेलेल्या माणसाचा धागासुद्धा घरात ठेवू नये, जीव अडकतो म्हणतात. एक फडकं तेवढं मागे राहिलं. धानाच्या रोवणीला कमरेशी गुंडाळायचं, जुन्या लुगड्याचं. बारक्या ते तोंडात धरून धान साठवायच्या ढोलीखाली जाऊन बसला होता, म्हणून बायांना दिसलं नाही.

त्याच दिवशी रीताचा फोन आला. "बाबा, मायचं काई ठेवलं का?"

"एक फडकं हाये."

"धुवू नोका," ती रडत म्हणाली. "मी येतपर्यंत तसंच राहू द्या. मले एकदा वास घेऊ द्या फक्त."

वारलूने शब्द दिला. पिल्लू अंगणात गेलं तसं त्याने ढोलीखालून फडकं काढून नाकाशी नेलं, आणि सोमारी जणू समोर उभी राहिली. मग त्याने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि ती पेटीत ठेवली.

फडकं गेलं तसं बारक्याने खाणं सोडलं. पहिला दिवस ते दार हुंगत फिरलं, दुसऱ्या दिवशी ढोलीखाली शिरलं ते बाहेर येईना. तिसऱ्या दिवशी वारलूने गोऱ्ह्याला धरतो तशी त्याची मान धरली, गळ्यात दोरी अडकवली आणि भाताच्या ताटलीकडे ओढलं. पिल्लू त्याच्या अंगठ्याला कडाडून चावलं आणि दोरीसकट ढोलीखाली परत गेलं.

"मर मंग!" वारलू ओरडला.

बोलून गेला आणि त्याचाच जीव चरकला. या घरात एक मरण पुरेसं झालं होतं. अंगठा धरून तो जमिनीवर बसला आणि सोमारीला नाल्यावर नेताना जे रडू आलं नव्हतं ते तिथे आलं.

ढोलीखालचा श्वास संध्याकाळी फार बारीक लागत होता. वारलू पेटीपाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. लेकीला शब्द दिलेला. पण सोमारी असती तर तिने काय केलं असतं, हे विचारायलासुद्धा नको होतं. त्याने दोन्ही गाठी सोडल्या.

फडकं हाताला गुंडाळून तो ढोलीकडे पाठ करून बसला आणि हात मागे जमिनीवर टेकवून ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग ओलं नाक फडक्याला लागलं. वारलू हलला नाही, बोललाही नाही, आणि हे त्याच्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं. त्याच हातावरून पिल्लाने चार घास भात खाल्ला.

मग रोज तसंच. फडक्याच्या हाताने हनुवटी, मग कान, मग सुजून बरा झालेला पाय. दर दोन-चार दिवसांनी तो फडक्याचा एक वेढा कमी करी, आधी बोटांची टोकं उघडी, मग बोटं. पोळा झाला, धान पोटऱ्यात आलं. एका सकाळी फडकं नुसतं खांद्यावर होतं आणि बारक्या त्याच्या उघड्या तळहातात हनुवटी ठेवून झोपला होता. वारलूला आनंद झाला. त्याने खांद्यावरचं फडकं नाकाशी नेलं. कुत्र्याचा वास, भाताचा वास, त्याच्या स्वतःच्या घामाचा. सोमारी त्यात कुठेच नव्हती.

दिवाळीला रीता तान्ह्या पोरीला घेऊन आली. लेकराला खाटेवर निजवून तिने आधी फडकं मागितलं. वारलूने दिलं. ती बराच वेळ त्यात तोंड खुपसून बसली.

"कुत्र्याचा वास येऊन राह्यला, बाबा."

"हो." आणि त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"एकच गोष्ट मांगतली होती मी." ती भांडली नाही, तेच त्याला जास्त लागलं. मग म्हणाली, "कसा होता वास, सांगा मंग."

"चुलीचा धूर. दाताले लावाचा गुडाखू. बांधीतला चिखल."

"हा त गावातल्या साऱ्याच बायांचा राह्यते. मायचा सांगा."

वारलूने डोळे मिटले. पस्तीस वर्षं एका छपराखाली काढलेली, आणि त्याला तो सांगता येईना. आठवेनाच.

बारक्या आत आला. नव्या माणसाला बघून थबकला, मग हळूहळू पुढे येऊन रीताच्या मांडीवरचं फडकं हुंगायला लागला. एका कोपऱ्याशी त्याचं नाक थांबलं आणि शेपटी हलली.

"याले मालूम हाये," वारलू म्हणाला. "आता फक्त यालेच मालूम हाये."

रीताने डोळे पुसले आणि पिल्लाच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. वारलूने तिचं मनगट धरलं.

"वरून नोको, बाई. हनुवटीखालून ने."

रीताने हात खाली घेऊन पिल्लाच्या हनुवटीकडे नेला.