आईची नसलेली बंदिश

जपानमधल्या त्सुकुबाच्या छोट्याशा एफएम केंद्रावर रोज दुपारी तासभर शास्त्रीय संगीत लागतं, देशोदेशींचं. प्रयोगशाळेत मी ते बारीक आवाजात लावून ठेवते आणि मनातल्या मनात भांडत बसते. बायका गातात, वाजवतात. रचलेलं मात्र महिनेच्या महिने सगळं पुरुषांचंच.

यंदा ऑक्टोबरात मी ते भांडण मनाबाहेर काढलं. पुण्यात आईचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टर "बघू या" म्हणायला लागले होते आणि ते असं कधी म्हणतात हे कळायला पीएचडी लागत नाही. माझ्या आईनं, लीलावतीबाईंनी, जन्मभर बंदिशी रचल्या. रचणाऱ्यानं अंतऱ्यात आपलं नाव गुंफायची रीत आहे. आईनं तिथे दर वेळी आपल्या गुरूंचं, पंढरीनाथबुवांचं नाव घातलं. झालं! सगळं जग त्या बंदिशी बुवांच्याच समजतं. ती आहे तोवर एकदा तरी, कुठल्या का रेडिओवर होईना, तिच्या बंदिशीआधी तिचं नाव यावं, एवढंच मला हवं होतं.

मी केंद्रावर गेले. कार्यक्रम करणाऱ्या नाकाजिमा-सान माझ्याच वयाच्या. त्यांनी चहा दिला, मान लववली आणि म्हणाल्या, "मार्चमध्ये आमचा महिला संगीतकारांचा खास आठवडा असतो. तेव्हा नक्की लावू."

वर्षातून एकदा हळदीकुंकवाला बोलवायचं, तसलं हे! पण ते काही मला जपानीत सांगता येईना. मी म्हणाले, "म्हणजे मार्चमध्ये बायका आणि उरलेलं वर्षभर संगीतकार? खास आठवडा नको. साध्या गुरुवारी लावा, दोन पुरुषांच्या मध्ये. नाव सांगा आणि गाणं सोडा. आईला मार्च दिसेल असं मला वाटत नाही."

त्यांनी कप बाजूला सारून वही उघडली. मग म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी लावते."

त्या गुरुवारी पुण्यात माझ्या भावानं, शशांकनं, व्हिडिओ कॉल लावून आईसमोर फोन धरला. इकडे मी माझा फोन रेडिओला टेकवला. एका जर्मन गृहस्थांची रचना संपली आणि नाकाजिमा-सानांचा आवाज आला, "यानंतरच्या संगीतकार, लीलावती-सान." मग भीमपलास. आईचाच तरुणपणीचा आवाज, घरच्या कॅसेटवरून उतरवलेला. मला रडू आवरेना.

गाणं संपलं तेव्हा आईचा चेहरा पार उतरला होता.

"माझं नाव का घेतलं त्यांनी?"

"तुझी बंदिश आहे म्हणून."

"बुवांची आहे ती."

"आई, मला गोवर आला होता तेव्हा माझ्या उशाशी बसून केलीस तू ती. मी ऐकत होते ना! बुवा तर त्याआधीच गेले होते."

"गेले म्हणून काय झालं? गळा त्यांनीच दिला ना? त्यांच्या मुलांनी ऐकलं तर काय म्हणतील? जाता जाता मला चोर ठरवलंस गं, विभा."

त्यानंतर तिचं खाणंच तुटलं. शशांकचा रोज फोन. "ताई, ती दुसरं काही बोलतच नाहीये. चूक झाली असं सांगायला लाव ना त्यांना. प्लीज." मला आईचा राग आला, बुवांचा आला, आपल्याच गाण्याला हात लावायला भिणाऱ्या तिच्या त्या भक्तीचा तर फारच आला. पण ती पाण्यालासुद्धा नको म्हणत होती. रागाचं काय लोणचं घालायचं होतं?

मी पुन्हा केंद्रावर गेले. नाकाजिमा-सानांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत ते."

"मग दुरुस्ती कशाची करायची?"

"आई ऐकणार आहे," मी म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "त्यांना जपानी कळणार नाही. मराठीत तुम्ही सांगा."

गुरुवारी त्यांनी माइकसमोरही मान लववून माफी मागितली आणि मला खूण केली. समोरच्या फोनवर उशीला टेकून बसलेली आई दिसत होती. मी वाचलं, "गेल्या आठवड्यात लावलेली भीमपलासातली बंदिश लीलावतीबाईंची नाही. ती पंढरीनाथबुवांची आहे. चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

आईनं हात जोडले. "आता बरं वाटलं गं," ती म्हणाली. "किती स्पष्ट बोललीस." मग तिनं शशांककडे मऊ भात मागितला, वर तूप घालून.

रविवारी ती गेली. समाधानानं गेली, असं शशांक सगळ्यांना सांगतो. खरंच आहे ते. पण तिच्या गाण्याआधी तिचं नाव यावं म्हणून भांडायला गेलेली मी, आणि ते गाणं तिचं नाही हे रेडिओवर सांगणारीही मीच.