चामटोलीच्या माळावरची खोकड

१९५३ च्या फाल्गुनात चामटोलीच्या माळावर खोकडीनं पिल्लं घातली, आणि त्याच आठवड्यात कौसाबाईच्या दोन कोंबड्या नाहीशा झाल्या. गावाला एवढं पुरलं. भर दुपारी दौलतराव तिघांना घेऊन निघाला. बिळाच्या तोंडाशी पेंढा पेटवायचा, धुरानं मादी बाहेर आली की काठ्यांनी ठेचायची, असं ठरलं.

दौलतरावाची विधवा भावजय राजाबाई तेव्हा विळ्याला धार लावत होती. कानावर आलं तशी ती आडवाटेनं धावली आणि बिळावरच मांडी घालून बसली. बिळाची बाकीची तोंडं दौलतरावाच्या माणसांनी तोवर दगडांनी बुजवली होती.

"वहिनी, उठा," दौलतराव म्हणाला. "लोक हसतील."

"हसू देत. पेटवा, भावोजी. आधी मी जळेन."

"मग कोंबड्या कुणी नेल्या?"

"हिनंच नेल्या असतील. मी कुठं नाही म्हणते?" तिनं शेजारची वाळलेली विष्ठा उचलून बोटांनी फोडली. "पण हे बघा. उंदराचे दात, नाकतोड्याचे पाय, बोराची बी. हिला मारलंत, तर भाताचे बांध उंदरांनी पोखरल्यावर कुणाला बोलावणार?"

"दादा गेल्यापासून हिची जीभ फार लांब झाली," मागून एक जण म्हणाला.

"तेव्हा ऐकणारा घरात होता. आता तुम्हाला ऐकावं लागतंय."

त्या माणसानं चिडून पेंढ्याची पेटती चूड पुढे केली. राजाबाईनं ती हातानं धरून मातीत दाबली. तळवा भाजला, पण ती जागची हलली नाही. बिळातून पिल्लांचं बारीक केकाटणं ऐकू येत होतं. दौलतरावानं ते ऐकलं आणि नजर वळवली.

"आणखी एखादी गेली तर?"

"माझी आणून देईन."

चैत्रात आणखी एक कोंबडी गेली. राजाबाईनं आपली अंडी देणारी कोंबडी कौसाबाईच्या दारात नेऊन सोडली आणि परत फिरली. माळावर मात्र तिनं कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. पिल्लं मोठी झाली, पांगली.

दौलतरावानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. लावणीच्या वेळी मात्र तो आपणहून बैलजोडी घेऊन तिच्या शेतावर आला. राजाबाईनं त्याला चहा दिला. माफी मात्र मागितली नाही.