आळ कौलांवर, भोक पन्हळीला

मित्रांनो, मी एक जुने कौल आहे आणि सत्तावन्न वर्षे एकाच छपरावर पालथा पडून आहे. कुणाला वाटेल, काय आराम! पण माझ्या पाठीवरून किती पावसाळे वाहून गेले ते माझे मलाच ठाऊक.

जाटीवांगी गावातल्या कौलांच्या भट्टीत माझा जन्म झाला. तिथल्या बायकांनी तांबडी माती साच्यात दाबली, मला सावलीत सुकवले, खरपूस भाजले आणि बोटाने वाजवून पाहिले. आवाज खणखणीत निघाला. मग ट्रकमध्ये बसून मी त्रुस्मी गावात आलो आणि बाटिकच्या, म्हणजे मेण लावून कापड रंगवण्याच्या, एका कारखान्यावर चढलो. खाली बायका कापडावर मेणाने ढग काढत. वर खरे ढग, खाली मेणाचे, आणि मध्ये मी. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढेच माझे काम. ते मी इमानाने केले.

कारखान्याची आजची मालकीण रस्मिनी; सगळे तिला आदराने 'बू', म्हणजे बाई, म्हणतात. वय बासष्ट. निळ्या रंगाच्या नऊ छटा ती डोळे मिटून ओळखेल; पण छपराकडे तिने कधी मान वर करून पाहिले नव्हते. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तार्वी नावाची जुनी कारागीर ओरडली, "बू, धावा! माझा ढग रडतोय!"

चार महिने खपून काढलेल्या तिच्या कापडावर वरून थेंब पडत होते. एक कोपरा पार गेला होता.

शहरातून ठेकेदार आला. कमरेवर हात ठेवून खालूनच म्हणाला, "पाखं बसलंय, आढं कललंय, वळचण कुजलीय. कौलं म्हातारी झालीत. सगळी उतरवून पत्रा टाकू. सोमवारी येतो."

रस्मिनी प्रत्येक शब्दाला "हो, बरोबर" म्हणत राहिली. मित्रांनो, माझ्या मातीला तेव्हा काय वाटले असेल!

तो गेल्यावर तार्वीने विचारले, "बू, यातला एक तरी शब्द कळला?"

"आढं म्हणजे... आडवं काहीतरी."

"मग कोंबडीसारखी मान कशाला हलवत होतात?"

दोघी पोट धरून हसल्या. मग तार्वीने आपल्या नवऱ्याला बोलावले. दारसोने चाळीस वर्षे छपरे शाकारली होती.

"सांगून कळायचं नाही, बू," तो म्हणाला. "कमरेचं सारोंग वर खोचा नि चला."

"या वयात?"

"छप्पर तुमचं आहे. वय आमचंही झालंय."

तार्वीने शिडी धरली. रस्मिनी एकेक पायरी चाचपत चढली आणि अगदी वर, घोड्यावर बसावे तशी बसली.

"तुम्ही बसलात ते आढं, म्हणजे छपराचा कणा," दारसो म्हणाला. त्याने आढ्यावर दोरी ताणली. "बघा, सुतासारखं सरळ आहे. दोन्हीकडे उतरतंय ते एकेक पाखं. पाख्याची कड भिंतीबाहेर येते ती वळचण. आणि मागचं नवं छप्पर या जुन्याला मिळतं, तिथं पत्र्याची नाली आहे ना? ती पन्हळ. दोन छपरांचं पाणी तिच्या एकटीच्या अंगावर."

बोलत बोलत तो पन्हळीकडे सरकला. मी तिला लागूनच. त्याने माझ्या पाठीवर बोट वाजवले. "हे कौल म्हातारं? अजून तुमच्या नातवंडांना पुरेल!"

इतक्या वर्षांनी कुणी माझे कौतुक केले. शेवाळाखाली मी लाजलो.

"अगं बाई, पपई!" रस्मिनी किंचाळली. पन्हळीत आंब्याचा पाला कुजून माती झाली होती, आणि तिच्यात पपईचे रोप डौलात उभे होते. दारसोने ते उपटले. खाली गंजलेल्या पत्र्याला बोटभर भोक!

"पण ठिबकत होतं ते तिकडे, तार्वीच्या जागेवर," रस्मिनी म्हणाली.

"पाणी शिरतं एकीकडे, वाशावरून गुपचूप चालतं आणि पडतं भलतीकडे. म्हणून तर आळ कौलांवर येतो."

दोन दिवसांत नवी, अधिक रुंद पन्हळ बसली. आम्हा कडेच्या कौलांना उचलून पुन्हा लावले, प्रत्येकाची कड पन्हळीवर चांगली पुढे येईल अशी. त्या वेळी सत्तावन्न वर्षांत प्रथमच माझ्या पोटाला ऊन लागले. काय सांगू तो आनंद!

मग परीक्षा. बायकांनी रांगेने बादल्या वर दिल्या. रस्मिनी स्वतः ओतत होती. तार्वी आत वर बघत उभी.

"आलं का पाणी?"

"नाही!"

आणखी चार बादल्या. "आता?"

"आलं, आलं!"

सगळ्यांचे हात थबकले.

"अहो, छपरातून नाही! माझ्या डोळ्यांत आलं!"

सोमवारी ठेकेदार हजर. रस्मिनीने त्याला शिडी दाखवली. "आढं कललंय म्हणालात. किती बोटं? चढा आणि मोजून सांगा." तो चढला, खाली उतरला आणि कान पकडून हसला. "बू, ठेकेदारी तुम्हीच सुरू करा!" तळलेली केळी खाऊनच तो गेला.

आता शेजारी कुणाचे घर गळू लागले की बोलावणे रस्मिनीला येते. ती आधी विचारते, "पन्हळ कधी झाडली होती?" बहुतेक जण तेव्हाच प्रथम शिडी शोधायला धावतात.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावर जे आहे त्याची नावे शिकून घ्या. अडलेला शब्द विचारायला लाजू नका. न कळता हलवलेली मान फार महाग पडते. आणि वर्षातून एकदा, कोरड्या दिवसांत, आम्हाला भेटायला वर या. गळायला लागल्यावर तर सगळेच वर बघतात.