लाल दोऱ्याची शिवण

हिलरी तुस्कानोचा पासपोर्ट अकरा महिने सरकारी वकिलाच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. हिलरी शारजाच्या खोर फक्कान बंदरात टॅली क्लार्क. कंटेनरमधली पोती मोजणं हे त्याचं काम. एकदा सुक्या लिंबांच्या पोत्यांत सात पोती हाताने, लाल दोऱ्याने शिवलेली दिसली, बाकीची मशीनची. वसईकडे निघालेल्या त्या सातांत चरस निघाला. शिवणीची गोष्ट हिलरीने फक्त वकीलसाहेबाच्या कानावर घातली होती. तेव्हापासून साहेब त्याला हबीबी, म्हणजे लाडक्या, म्हणू लागला, आणि पासपोर्ट ठेवून घेऊन दर महिन्याला नवी खबर मागू लागला.

गेल्या आठवड्यात दुबईच्या पेपरची बातमीदार सुचित्रा येऊन गेली. हिलरीने तिला चहा पाजला, उकाड्यावर बोलला, बाकी तोंडाला कुलूप. तरी आज बातमी आलीच. त्याने तिला फोन लावला.

"अहो अंकल, नाव कुठे छापलंय? 'वसईचा एक टॅली क्लार्क' एवढंच तर आहे."

"बाई, यार्डात मल्याळी दोनशे, पठाण साठ. वसईवाले किती?"

"...किती?"

"पहिल्या बोटावरच मोजणी संपते. आणि लाल दोरा कोणी सांगितला?"

"सोर्स सांगत नसतात, अंकल. हे मी तुम्हाला शिकवायचं?"

सांगायची गरजही नव्हती. हिलरी तडक वकीलसाहेबाच्या शारजातल्या ऑफिसात गेला.

"साब, पेपरवाली को आपने बताया."

साहेब नाही म्हणाला नाही. त्याने ड्रॉवर उघडून पासपोर्ट टेबलावर ठेवला. "तुम रोज मांगता. लो. खलास."

हिलरीने तो उचलला. एसीने गार पडला होता. मग त्याला आठवलं : तो चरस तिकडे उतरवून घेणारे दोघं अजून वसईशेजारी नालासोपाऱ्यात मोकळे फिरत होते. बायको रोझलिन लेक लॅरिसाला घेऊन दर रविवारी चर्चला चालत जायची, त्याच रस्त्याने. तिथे ना साहेब, ना साहेबाचे पोलीस.

"साब, मेरा फॅमिली..."

"बुलाओ ना इधर. व्हिसा का फॉर्म रेडी है, हबीबी." साहेबाने तो आधीच टाइप करून ठेवलेला होता. "बीवी-बच्ची का पासपोर्ट भी इधर रखेगा. एकदम सेफ."

हिलरीने स्वतःचा पासपोर्ट हळूच पुढे सरकवला आणि रोझलिनचं स्पेलिंग सांगायला सुरुवात केली.

साहेबाने ड्रॉवर आणखी थोडा बाहेर ओढला, तिघांचे मावतील एवढा.